काचेपलीकडच्या माणसालाही विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला रेडिओ स्टुडिओभेटीचा लेख वाचला. निम्म्या जागेत निवेदिकेच्या कॉफीच्या मगाचा फोटो, उरलेल्या निम्म्यात तिची 'एनर्जी'. पडद्यामागचं म्हणून काय, तर दारावरचा 'वातावरणनिर्मिती करणारा लाल दिवा'. अहो, तो दिवा लागला म्हणजे आत माइक चालू आहे. तेव्हा दार ढकललंत तर बिजागरीची करकर आणि तुमची चप्पल, दोन्ही अख्ख्या जिल्ह्याला ऐकू जातील.

एरवी हसून पान उलटलं असतं. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या आठवीच्या मुलांनाही शहरातल्या एका स्टुडिओत असंच फिरवून आणलं गेलं. (नाव लिहीत नाही, लिहिलं तरी तुम्ही छापणार नाही.) ध्वनीचा धडा नुकताच झाला होता, मुलं वहीत प्रश्न लिहून आली होती. आत शिरताच एकाने टाळी वाजवून पाहिली. भिंतीवरच्या भोकाभोकांच्या तक्त्यांनी आवाज जागीच गिळला. घुमला नाही म्हणून पोरं खूश! आम्हाला फिरवणाऱ्या स्टुडिओतल्या बाई म्हणाल्या, "टाळ्या नकोत हं, चला, हेडफोन घालून एकेक फोटो."

मग एका मुलीने विचारलं, ही काच तिरकी का बसवलीय? "डिझाइन आहे बेटा."

काचेपलीकडे मिक्सरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या यंत्रावर बसलेले, केस पिकलेले एक गृहस्थ हे ऐकून स्वतःच बाहेर आले. म्हणाले, काच एक नाही, दोन आहेत. मध्ये हवेची पोकळी आणि दोन्हींची जाडी वेगळी, म्हणजे एक थरथरली तरी दुसरी तिला तशीच साथ देत नाही. तिरकी अशासाठी, की आवाज समोरच्या भिंतीवर सरळ आपटून परत येऊ नये आणि दिव्याची तिरीपही डोळ्यांवर येऊ नये. मग त्यांनी स्पूलच्या, म्हणजे रिळावरच्या टेपवर रेकॉर्डिंग करायचे दिवस सांगितले. सेकंदाला साडेसात इंच टेप सरकायची. वक्ता मध्येच खोकला की तेवढा तुकडा ब्लेडने कापून दोन टोकं चिकटपट्टीने जोडायची. कापायचंही तिरकं, नाहीतर जोडावर 'टक्' ऐकू येतं. वर्गात मागच्या बाकावर डुलक्या काढणारी मुलं त्यांच्याभोवती कोंडाळं करून उभी होती.

तेवढ्यात त्या बाई आल्या. "सर, यांना पुढे न्यायचंय. टेक्निकल नको, मुलं कंटाळतात." ते गृहस्थ काही न बोलता आत गेले. आणि 'पुढे' काय होतं? चॅनेलचं नाव रंगवलेली भिंत आणि तिच्यासमोर फिरती खुर्ची. एकेकाला बसवून सेल्फी. पेठ तालुक्यातल्या एका मुलाचा प्रश्न राहून गेला होता, आमच्या गावी डोंगराआड रेडिओ का खरखरतो? उत्तर मिळालं, "आमचं ॲप डाउनलोड कर ना!" एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की क्षीण होतात, हे मी त्याला परतीच्या बसमध्ये सांगितलं. ते स्टुडिओत ऐकायला मिळालं असतं तर त्याच्या जास्त लक्षात राहिलं असतं.

तुमच्या लेखातही तेच. निवेदिकेची आवडती गाणी, आवडता पदार्थ, सकाळी किती वाजता उठते, सगळं आहे. तिचा आवाज आमच्या ओट्यावरच्या रेडिओपर्यंत पोचवणाऱ्या एकाही माणसाचं नाव नाही. फोटोत एकाचा अर्धा खांदा आलाय, तेवढाच. आकाशवाणीचं १०१.४ लावून पोळ्या लाटणाऱ्या माझ्यासारख्या बाईला निवेदिका काय खाते यात रस नाही. मध्येच वीज गेली तर कार्यक्रम चालू कसा राहतो, हे कुणीतरी लिहा. पुढच्या वेळी पाठवाल त्या लेखिकेला एवढी विनंती करा, की सेल्फीच्या खुर्चीवरून उठून दहा मिनिटं कंट्रोल रूममध्ये बसा. चहा तिथेही मिळतो.

आणि हो, सोमवारचं विज्ञानाचं पान बंद करून त्या जागी राशिभविष्य दुप्पट कुणाच्या सांगण्यावरून केलंत? ते पान आम्ही शाळेच्या फलकावर लावत असू. राशिभविष्य लावायला मुख्याध्यापक परवानगी देत नाहीत.

कळावे,
एक विज्ञान शिक्षिका, सातपूर, नाशिक