भाडं थकलं नव्हतं, करार संपला होता

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत न्यूयॉर्कच्या 'सीबीजीबी' या बंद पडलेल्या संगीत क्लबवर पानभर लेख आला. या विषयाला मराठीत एवढी जागा मिळाली, आभार. त्यातला पाव भाग तिथल्या घाणेरड्या स्वच्छतागृहावर खर्ची पडला, त्याला काय म्हणावं? (मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 2013 साली त्याची प्रतिकृती मांडली होती, तेव्हा लेखक एकटे नाहीत.)

खटकलं ते 'भाडं थकवल्यामुळे क्लबला टाळं लागलं' हे वाक्य. जागा भाड्याने देणाऱ्या संस्थेने सुमारे 91 हजार डॉलरच्या थकबाकीचा दावा लावला होता, हे खरं. पण भाडेवाढ रीतसर कळवलेलीच नाही, असं म्हणत न्यायालयाने ऑगस्ट 2005 मध्ये क्लबच्या बाजूने निकाल दिला. त्याच महिनाअखेरीस करार संपला आणि पुढे जागा सोडावी लागली. थकबाकी वेगळी, कराराची मुदत वेगळी. हे पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्राला सांगावं लागावं? शेवटचा कार्यक्रम गायिका पॅटी स्मिथचा, 15 ऑक्टोबर 2006. आपण 2005 छापलंय.

'पंकच्या (म्हणजे त्या आडदांड, झटपट रॉक संगीताच्या) वेडापायी क्लब काढला' हेही चूक. हिली क्रिस्टल यांनी डिसेंबर 1973 मध्ये 315, बावरी इथे हे नाव लावलं ते कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूज या अमेरिकी संगीतप्रकारांसाठी. नावातली चारही अक्षरं या प्रकारांच्या इंग्रजी नावांचीच. पंक मागाहून आलं. 31 मार्च 1974 ला 'टेलिव्हिजन' हा बँड तिथे पहिल्यांदा वाजला, 16 ऑगस्टला 'रामोन्स'. बँडसाठी अट एकच, गाणी स्वतःची हवीत. सगळी मेख इथे आहे. एरवी बारमध्ये वाजवायचं तर गिऱ्हाइकाच्या ओळखीची गाणी घोटून यावं लागे. इथे तीच चालत नसल्याने, बेसूर का असेना, पण स्वतःचं काही असलेलेच उरले. दारावरचे पैसे बँडला, बारचे क्लबला. बँडला आगाऊ मानधन नाही, त्यामुळे वीस डोकी जमली तरी मालकाचा हात पोळत नसे. लेखात या व्यवहाराबद्दल अवाक्षर नाही. 'बंडखोरी' हा शब्द मात्र अकरा वेळा आहे. मोजलाय.

आणि छायाचित्र! ते लंडनच्या '100 क्लब'चं आहे, पाटीवरचा आकडा चष्म्याशिवायही वाचता येतो. तो क्लब ऑक्सफर्ड स्ट्रीटवर आजही चालू आहे. त्याखाली 'काळाच्या पडद्याआड' छापायची घाई कशाला?

दुरुस्ती छापणार असाल तर पुरवणीतच छापा. मागच्या वेळची पान 9 वर, निविदांच्या खाली सापडली होती.

आपला,
एक वाचक, पुणे