शिक्षणमंत्री साहेब, दहावीतली उत्क्रांती ठेवा आणि तिचे शब्द नीट समजावा

मा. शालेय शिक्षणमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरात दहावीच्या पोरांना सायन्स शिकवतो. राज्यात नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्यानं येतोय, त्यात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा धडा राहणार का याची मला खरंच काळजी वाटते, कारण 2023 ला एनसीईआरटीनं, म्हणजे केंद्राची शालेय पुस्तकं काढणाऱ्या संस्थेनं, दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती काढली, 1800 च्या वर शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी विरोधाचं पत्र लिहिलं तरी काढली ती काढलीच. आपल्या बोर्डाच्या विज्ञान भाग 2 च्या पुस्तकात तो पहिलाच धडा आहे. तो राहू द्या, ही पहिली विनंती.

पण धडा राहिला म्हणजे कळला असं नाही, आणि घोळ सगळा शब्दांत आहे. 'नैसर्गिक निवड' म्हटलं की वर्गात हमखास विचारतात, सर, निवड कोण करतं? पोरांचं काय चुकलं, मराठीत निवड म्हटली की निवडणारा आलाच. मग मी आमच्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्याचं, म्हशीची धार काढून ताजं दूध विकतात त्या जागेचं, उदाहरण काढतो. पंढरपुरी म्हैस सगळ्यांनी बघितलेली असते, तलवारीसारखी लांब शिंगं. जिला दूध जास्त तिचीच रेडकं लोकांनी पिढ्यानपिढ्या जपली, तिथं निवडणारा माणूस आहे, ती कृत्रिम निवड. आता डास घ्या. औषध फवारलं, बहुतेक मेले, पण थोड्यांच्या जनुकांत आधीच असा काही बदल होता की ते वाचले, मग अंडी त्यांचीच, पिल्लं त्यांचीच, आणि काही वर्षांनी तेच औषध चालेना. इथं कुणी बसून निवडलं नाही, हीच नैसर्गिक निवड. आणि तो बदल डासानं ठरवून केलेला नव्हता, आपोआप झालेला होता, त्यालाच उत्परिवर्तन म्हणायचं. एकटा डास उत्क्रांत होत नाही साहेब, अख्खी जमात होते, पिढ्यांमागून पिढ्या.

दुसरा घोळ 'बळी तो कान पिळी'चा. कोल्हापूर पडलं पैलवानांचं गाव, पोरांना वाटतं ताकदवान तोच टिकणार. जो लायक तोच टिकतो हे शब्द मुळात डार्विनचे नाहीतच, ते 1864 ला हर्बर्ट स्पेन्सरनं वापरले, डार्विननं 1869 च्या आवृत्तीत घेतले. लायक म्हणजे त्या जागी, त्या हवामानात जगून ज्याची पिल्लं जास्त वाढली तो, बस. राधानगरीच्या जंगलात गवा टिकलाय तसा पानावरचा एवढासा बेडूकही टिकलाय.

पैलवान मात्र दुसऱ्या जागी फार कामाला येतो. जिराफानं मान ताणली म्हणून पिल्लांची मान लांब झाली, असं पोरं पेपरात लिहून येतात, हे डार्विनच्या आधीच्या लामार्क या शास्त्रज्ञाचं म्हणणं. मी विचारतो, तालमीत दहा वर्षं जोर-बैठका मारून कमावलेली छाती पैलवानाच्या पोराला जन्मतःच मिळते का? लगेच सगळे नाही म्हणतात. त्यालाही मातीत उतरावंच लागतं.

आणि 'उत्क्रांती'तला तो 'उत्' म्हणजे वर. त्यामुळं पोरांच्या डोक्यात शिडी बसते, खाली माकड, वर माणूस. 2018 ला औरंगाबादला एक केंद्रीय राज्यमंत्रीच म्हणाले होते की माकडाचा माणूस होताना कुणी बघितलं नाही. बघणार कसं? आजच्या माकडाचा माणूस झालेलाच नाही. माणूस आणि चिंपांझी यांचा पूर्वज एक, साधारण 60 ते 70 लाख वर्षांपूर्वीचा, तिथून दोन फांद्या फुटल्या. शिडी नाही, झाड आहे ते.

एक शब्द मात्र आपल्याकडं चांगलाय, 'सिद्धांत'. थिअरी म्हटलं की लोकांना अंदाज वाटतो, सिद्धांत म्हणजे पुराव्यांवर उभं राहिलेलं. तोच वापरा.

अँटिबायोटिकचा कोर्स का पूर्ण करायचा, हे या धड्याशिवाय मी पोरांना कसं सांगू? मागं एका प्रशिक्षणात हा धडा दहा मिनिटांत उरकला, वेळ नाही म्हणून. निदान मास्तरांना एक पूर्ण दिवस द्या, आणि पुस्तकात या शब्दांचा नेमका अर्थ आपल्या भागातल्या उदाहरणांनी द्या.

आणि छापायच्या आधी हा एक धडा दोन-चार शाळांतल्या पोरांना वाचायला द्या, वाचून झाल्यावर "निवड कोण करतं" असं किती जण विचारतात ते मोजा. कोल्हापुरात करायचं असेल तर माझा वर्ग तयार आहे.

आपला,
एक विज्ञान शिक्षक, कोल्हापूर