सलाईनच्या बाटल्या मोजू नका

संपादक महोदय,

मी बरीच वर्षं आयसीयूत नर्स आहे. रोज कोणीतरी नातेवाईक विचारतातच, "सिस्टर, बीपी कमी आहे ना, मग सलाईन का नाही वाढवत?" काळजीपोटीच विचारतात, म्हणून एकदा नीट सांगावंसं वाटलं.

सलाईन म्हणजे नुसतं पाणी नाही हो, औषध आहे, नॉर्मल सलाईनच्या एका लिटरमधे 9 ग्रॅम मीठ असतं. जुलाबानं कोरडा पडलेला पेशंट असेल तर भरभरून द्यावंच लागतं. सेप्सिसमधे, म्हणजे जंतुसंसर्गानं अवयव बिघडायला लागतात तेव्हा, बीपी पडलं तरी पहिल्या 3 तासात किलोमागे निदान 30 मिली द्या असं गाइडलाइन सांगते. खरी अडचण त्यानंतरची, बीपी अजून वर येत नाही, आता आणखी एक बाटली लावायची की थांबायचं? साधारण निम्म्याच पेशंटमधे जादा सलाईननं हृदयाचं पंपिंग वाढतं, बाकीच्यांच्या ते फुफ्फुसात नाहीतर अंगात साठतं. नडगीवर अंगठा दाबला की खड्डा पडतो आणि तसाच राहतो, असे पाय मी कितीतरी पुसलेत, आणि मग तोच पेशंट व्हेंटिलेटरवरून निघता निघत नाही.

2011 मधे युगांडा, केनिया, टांझानियातल्या तापानं गंभीर झालेल्या 3000 हून जास्त मुलांवरचा अभ्यास आला, त्यात भराभर सलाईन दिलेली मुलं जास्त दगावली. तिथे आयसीयू नव्हते, त्यामुळे सगळीकडे जसंच्या तसं लागू होत नाही, पण वाचून माझ्या तरी पोटात गोळा आला.

आणि आधी बघायची सोय आहे ना! अर्धवट बसलेल्या पेशंटचा बेडच तिरका करून पाठ सपाट आणि पाय 45 अंश वर घ्यायचे, पायातलं साधारण 300 मिली रक्त हृदयाकडे येतं, म्हणजे त्याचंच रक्त वापरून ट्रायल. मिनिटभरात इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग 10 टक्क्यांच्या वर वाढलं तर सलाईन उपयोगी पडेल, नाही वाढलं तर पाय खाली, एक थेंबही जादा गेला नाही. नुसत्या बीपीवरून मात्र ही टेस्ट ठरवू नये, फसायला होतं. बोटाचं टोक 10 सेकंद दाबून सोडलं की लाली 3 सेकंदांत परत येते का, म्हणजे रक्त टोकापर्यंत नीट पोचतंय का, हे तर आम्ही नर्सही बघू शकतो.

डॉक्टरांना एवढीच कळकळीची विनंती, रात्री फोनवरून "अजून 500 द्या" सांगण्याआधी एकदा बेडजवळ या, बेड तिरका करायला आम्ही उभ्याच आहोत.

आपली,
एक आयसीयू नर्स