बँडच्या फोटोतले निळे चेहरे

महोदय,

कॉलेजांच्या स्नेहसंमेलनांचा हंगाम आला की वर्तमानपत्रांकडे वाचकांनी पाठवलेले बँडचे फोटो येऊ लागतात. त्यांतल्या कित्येक गायकांचे चेहरे दौतीत बुडवून काढल्यासारखे निळे असतात. खापर फुटते ते सभागृहातल्या अंधारावर. खरे तर अंधाराचा बंदोबस्त सोपा आहे, अडचण रंगीत एलईडीची आहे.

आधी अंधाराचे बघू. कॅमेरा मॅन्युअलवर ठेवावा, कारण मागचा काळा पडदा मोजून ऑटो मोड प्रकाश वाढवतो आणि चेहरा पांढराफटक करतो. माइकपाशी उभ्या गायकाला शटर (तो उघडा राहण्याचा वेळ) १/२०० सेकंद पुरतो, उड्या मारणाऱ्या गिटारवाल्याला १/३२० आणि ड्रमरला १/५०० लागतो. (काठ्या थोड्या हललेल्या मला आवडतात; चेहरा मात्र हलता कामा नये.) अॅपर्चर, म्हणजे लेन्सचे भोक, एफ २ (आकडा लहान तितके भोक मोठे) आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता, ३२०० ते ६४००. आयएसओ वाढवायला उगाच घाबरणारे ८०० वर अडून बसतात आणि १/३० चे हललेले फोटो घरी नेतात. वाढीव आयएसओने येणारे दाणे नंतर कमी करता येतात, हललेले नाक जागेवर आणता येत नाही. शिवाय वर्तमानपत्राच्या कागदावर ते दाणे छपाईच्या ठिपक्यांतच हरवून जातात.

कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ ची लेन्स ५५ वर नेली की एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. साधी ५० मिमी एफ १.८ लेन्स तिच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. म्हणजे हिला आयएसओ ३२०० पुरत असेल तिथे १८-५५ ला ३२,००० लागेल. मात्र लेन्स पूर्ण उघडली की फोकसची पट्टी अरुंद होते. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या मोठ्या चिपच्या) कॅमेऱ्यावर ८५ मिमी, एफ १.८ आणि अंतर तीन मीटर असेल, तर ती पट्टी जेमतेम १३ सेंटिमीटरची. गिटारचे डोके लख्ख आणि गायकाचे डोळे धूसर, असे होते ते यामुळेच. फोकसचा एकच बिंदू निवडून तो जवळच्या डोळ्यावर ठेवावा. तोंडासमोर माइक असेल तर फोकस हटकून माइकच्या जाळीवर जातो, म्हणून थोडे बाजूला सरकून उभे राहावे.

आता एलईडी. गडद निळ्या प्रकाशात सेन्सरचे निळे घटकच तेवढे भरतात, लाल आणि हिरवे जवळपास रिकामे राहतात. सरासरी काढणाऱ्या, कॅमेऱ्यातल्या प्रकाशाच्या मीटरला वाटते, प्रकाश कमी आहे. तेवढ्यात निळा चॅनल, म्हणजे निळ्या रंगाची नोंद, कमाल मर्यादेला पोचून जळून जातो. गाल, कपाळ, नाक सगळे एक सपाट डाग होते. पुढे फोटोशॉपमध्ये कितीही खटपट केली तरी तिथे काही उरलेले नसते. म्हणून तीन रंगांचे वेगळे आलेख दाखवणारा हिस्टोग्राम लावावा, निळा किंवा लाल आलेख उजव्या भिंतीला टेकला की एक स्टॉप खाली यावे (म्हणजे प्रकाश निम्मा करावा), आणि फोटो रॉमध्येच, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीच्या फाइलमध्येच, काढावा. सगळ्यात उत्तम म्हणजे थांबावे. ध्रुवपदावर बहुधा पांढरा किंवा पिवळा झोत येतोच; बटण तेव्हा दाबावे.

फोटोवर आडवे काळे पट्टे येत असतील तर सायलेंट शटर बंद करावा. त्यात सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि तेवढ्या वेळात दिवे अनेकदा लुकलुकतात. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, तेव्हा यांत्रिक शटरनेही पट्टे गेले नाहीत तर १/१०० वर यावे. मंद केलेल्या काही एलईडींची लुकलुक याहून कितीतरी वेगवान असते, तिथे शटर थोडा थोडा बदलून बघण्यावाचून इलाज नाही.

फ्लॅशचा विचारही नको. धुराच्या यंत्राचा धूर तेवढा पांढरा उजळतो आणि रंगमंचाचा रंग जातो.

संमेलनांच्या आयोजकांना एक विनंती. साउंड चेकसोबत दहा मिनिटे दिव्यांनाही द्या आणि गायकावर समोरून, थोड्या उंचावरून एक पांढरा किंवा अंबर झोत कायम राहू द्या. बाकी रंग मागच्या पडद्यावर खुशाल नाचवा. आपल्यालाही एक सुचवतो: भडक निळा शाईच्या छपाईत तसाही मळकट जांभळा उतरतो. चेहऱ्याचा तपशील शाबूत असलेला असा फोटो आला तर तो कृष्णधवल छापावा.

— एक वाचक, पुणे