महिला खो-खोच्या मैदानावरून क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

माननीय क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सप्रेम नमस्कार.

या हंगामातील राज्यपातळीवरच्या महिला खो-खो स्पर्धेत आमच्या जिल्हा संघाची प्रशिक्षक म्हणून मी उपस्थित होते. स्पर्धा उत्तम झाल्याचे आपल्याला कळवण्यात आले असेलच, कारण व्यासपीठ खरोखरच उत्तम होते. मैदानाविषयी मात्र कोणी सांगितले नसावे, म्हणून हे पत्र.

उपांत्य सामना सायंकाळी सहाचा होता. प्रमुख पाहुण्यांची वाट पाहण्यात आणि ते आल्यावर त्यांच्या सत्कारात वेळ गेला, आणि मुली मैदानात उतरल्या तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. तोपर्यंत दोनदा तापवलेले अंग दोनदा गार पडले होते. मॅटचे आश्वासन परिपत्रकात होते. प्रत्यक्षात मुरुमावर लाल माती पसरून रोलर फिरवलेला होता आणि खांबापाशी, जिथे मुली सूर मारतात नेमक्या त्याच जागी, मातीही उरली नव्हती. दुसऱ्या डावात आमच्या मुलीने खांबावरून सूर मारून गडी टिपला. गुण मिळाला, पण कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोलवटली आणि गुडघा मुरगळला. डॉक्टरांची चौकशी केली, तेव्हा ते रुग्णवाहिकेसह पाहुण्यांच्या ताफ्यामागे गेल्याचे समजले. आम्ही पिण्याच्या पाण्याने जखम धुतली, रुमाल बांधला, आणि ती लंगडत उरलेला सामना खेळली. बरोबरी झाल्यावर खेळवल्या जाणाऱ्या अलाहिदा म्हणजे जादा डावात आम्ही एका गुणाने हरलो. हरल्याचे दुःख नाही, असे लिहिण्याची पद्धत आहे, दुःख आहेच.

मुक्काम एका मंगल कार्यालयात होता. संडासाच्या दाराला कडी नव्हती, त्यामुळे एक मुलगी आत गेली की दुसरी दार धरून उभी राहत असे. ज्या दोघींची पाळी सुरू होती त्यांनी आत जावे लागू नये म्हणून दिवसभर पाणीच कमी प्यायले आणि संध्याकाळी त्या उन्हात तापलेल्या शरीराने पळायला उभ्या राहिल्या. आयोजकांतील एका ज्येष्ठ सद्गृहस्थांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, ‘ताई, आमच्या वेळी तर झाडाखाली झोपायचो.’ त्यांच्या वेळी महिलांचा संघ सोबत होता का, हे विचारायचे माझ्याकडून राहून गेले.

व्यासपीठ, फ्लेक्स आणि फटाके यांवर झालेल्या खर्चात पंधरा जिल्ह्यांना मॅट आल्या असत्या, असे आमच्यातल्या एकीने मोबाइलवर हिशेब करून सांगितले. तिचा उत्साह वजा करून आपण पाच धरा. खो-खोचे मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असते. एवढीच जागा मऊ करायची आहे.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारताच्या महिलांनी प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली नेपाळला ७८-४० असे हरवले. राज्यातील विजेत्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये जाहीर झाले, याचा मला मनापासून आनंद आहे आणि त्यातला एक रुपयाही कमी व्हावा असे मला वाटत नाही. पण धाराशिवची खो-खोपटू सारिका काळे हिला ज्या खेळासाठी २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, तो खेळ काही सत्काराच्या दिवशी तयार झाला नव्हता. अशा मुली किशोरी आणि कुमारी या वयोगटांतून, जिल्ह्याच्या संघातून, याच राज्य स्पर्धांतून वर येतात. आपले खाते त्यांना विमानतळावर हार घालायला भेटते, मंगल कार्यालयात भेटत नाही.

मी स्वतः राष्ट्रीय स्पर्धा खेळले आहे. खेळाडूंसाठीच्या ५ टक्के आरक्षणातून नोकरी मिळावी म्हणून प्रमाणपत्र पडताळणीला दिले, तेव्हा त्या वर्षीचा अहवाल उपलब्ध नाही, असा शेरा मारून एका कार्यालयाने माझी फाईल परत केली. अहवाल सापडला तोवर माझी वयोमर्यादा उलटून गेली होती. याच राज्यात ट्रॅम्पोलिनच्या, म्हणजे उसळत्या जाळीवर उड्या मारण्याच्या खेळाच्या, बोगस प्रमाणपत्रांचे प्रकरण गाजले; म्हणजे ज्यांनी उडी मारली नाही त्यांचे कागद चोख होते आणि आम्ही गुडघे फोडून आणलेला कागद संशयास्पद ठरला. आज मी एका खासगी शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते आणि सुटीच्या पगारावर पाणी सोडून संघ घेऊन जाते. हे माझे रडगाणे आहे, हे मला समजते, परंतु आमच्या संघातील प्रत्येक मुलीची आई मला मुलीच्या नोकरीविषयीच विचारते, आणि मला खोटे बोलावे लागते.

शिवाय अल्टिमेट खो-खो लीगचे पहिले दोन हंगाम झाले, २०२२ मध्ये पुण्यात आणि नंतर कटकला. दोन्ही फक्त पुरुषांचे. विश्वचषक मात्र पुरुष आणि महिला दोघांनीही जिंकला. पैसा कोणाकडे जातो, प्रक्षेपण कोणाचे होते आणि मुरुमावर कोण सूर मारते, हे ठरवणाऱ्या समित्यांच्या बैठकीत खेळलेली बाई सहसा नसते, आणि असलीच तर दीपप्रज्वलनाला तिच्या हाती मेणबत्ती देतात.

मागण्या थोड्याच आहेत: मॅट, मैदानावर सामना संपेपर्यंत डॉक्टर, कडी असलेले संडास, आणि रात्री आठनंतर महिलांचा सामना सुरू न करण्याचा लेखी आदेश. मुलीच्या गुडघ्याच्या एमआरआयसाठी आम्ही वर्गणी काढली. ती रक्कम कोणत्या खात्याकडे मागायची, हेही कळवावे. आणि पुढच्या हंगामाचे यजमानपद ठरण्याआधी मैदान पाहायला कोणी तरी पाठवावे. ती व्यक्ती खो-खो खेळलेली बाई असेल तर खांबापाशीची माती ती हाताने चाचपून पाहील.

आपली विश्वासू,
एका जिल्हा संघाची प्रशिक्षक