बाळंतपणाचे जुने कार्ड बंबात घालू नका

ट्रंकेत, रेशनकार्डाच्या पिशवीत पडून असलेले तुमच्या मुलांचे तायी कार्ड (कर्नाटकात गरोदरपणी मिळणारे आई-बाळाचे कार्ड) किंवा त्याआधीचे बाळंतपणाचे कागद आम्हाला हवे आहेत. पोर आता लग्नाचे झाले असेल तरी चालेल. जितके जुने तितके चांगले. कार्ड कन्नडमध्ये, आपल्याकडे अनेकांना वाचता येत नाही, म्हणून ते फेकले जाते. पण त्यात ‘तूक’ या शब्दासमोरचा आकडा म्हणजे वजन, आणि चाळिशीत वाढलेल्या साखरेचा एक धागा जन्मवेळच्या वजनापर्यंत जातो.

इंग्लंडच्या हर्टफर्डशायरमध्ये 1911 पासून सुईणी व आरोग्यसेविका बाळाचे जन्माचे आणि वर्षाचे झाल्यावरचे वजन वहीत टिपत. त्या वह्यांवरूनच संशोधक डेव्हिड बार्कर यांनी 1989 मध्ये दाखवले, की वर्षाच्या वयात वजनाला कमी असलेले पुरुष पुढे हृदयविकाराने जास्त दगावले. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 1993 पासून गरोदर बायांचा पाठपुरावा केला. तिथली बाळे सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधली 3.5 किलोची, घट मुख्यतः स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत, कातडीखालची चरबी मात्र बरीचशी टिकलेली. अंगाने किडकिडीत माणसाला मधुमेह कसा होतो, याचे एक उत्तर इथे आहे. कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाला 2025 मध्ये ‘टाइप 5’ हे नावही मिळाले. आपल्या खानापूर, चिकोडी, निपाणीकडच्या वह्या म्हणजे ही घरोघरची कार्डे.

कार्ड घेऊन या. संमती घेऊन, नाव झाकून फोटो काढू आणि कार्ड लगेच परत देऊ. ते मूल आता मोठे असेल तर त्याचे वजन, उंची, कमरेचा घेर आणि उपाशीपोटी साखर तपासू. 126 किंवा त्याहून जास्त आली तर पुन्हा लॅबमध्ये तपासणी करावी लागेल. मशीनच्या एका आकड्यावर कुणाला मधुमेही ठरवणार नाही. पावसाळ्यात साखर तपासायच्या पट्ट्यांची डबी उघडी राहिली की दमट हवेने आकडा चुकतो, म्हणून पट्ट्या देणाऱ्यांनी सीलबंद आणि लांब मुदतीच्याच द्याव्यात.

दुसरे काम पाच वर्षांखालील मुलांच्या मापांचे, आणि चुका इथेच जास्त होतात. चांदीचे वाळे, करगोटा, ओला लंगोट यांसकट वजन केले तर कुपोषित बाळ धडधाकट ठरते. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी पाटावर झोपवून घ्यायची: एकाने डोके टेकवून धरायचे, दुसऱ्याने गुडघे सरळ दाबून तळपाय फळीला लावायचे. उभे करून घेतलीच तर 0.7 सेंमी मिळवायचे. दंडाचा घेर मोजायची पट्टी डाव्या हाताला, खांद्याचे टोक आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडून. सहा महिन्यांपुढच्या मुलाचा घेर 11.5 सेंमीच्या खाली असेल तर तीव्र कुपोषण. दोन-तीन मिलिमीटर आवळली गेली तरी मूल उगाच पट्टीवरच्या लाल म्हणजे कुपोषणाच्या भागात जाते. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून खळगा राहिला, तर वजन कितीही असो, मूल त्याच दिवशी दवाखान्यात. तेव्हा संशोधन बाजूला.

आम्हाला हवेत लांबी मोजायचे लाकडी पाट, 10 ग्रॅमपर्यंत दाखवणारे बाळांचे वजनकाटे, काटा रोज तपासायला 5 किलोचे प्रमाणित वजन आणि दंडाच्या पट्ट्या. बिस्किटांचे पुडे आणि पावडरचे डबे कृपया देऊ नका. त्यांनी पोट भरते, जेवण मागे पडते आणि साखर तेवढी पोटात जाते. त्याऐवजी शेंगदाणे, गूळ, अंडी थेट अंगणवाडीत द्या, सेविकेला विचारून.

पैशांपेक्षाही माणसे कमी आहेत. कन्नड आणि मराठी दोन्ही वाचणाऱ्या मुलामुलींनी आठवड्यातले दोन तास द्यावेत. कार्डावरचा आकडा जसाच्या तसा उतरवायचा, नेमके 2.5 किलो लिहिलेली कार्डे फार असतात, ती ‘सुधारायची’ नाहीत, फक्त खूण करायची. गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड टोळ्यांच्या पालांवरही जायचे आहे. त्या मुलांची नोंद गावी राहते आणि मूल इथे असते. टोळ्या पहाटेच फडात जातात, त्यामुळे ती मापे संध्याकाळी घ्यावी लागतील. येणाऱ्याने बॅटरी सोबत आणावी.