‘मानवी चूक’ म्हणून मोकळे होऊ नका

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

विमान अपघाताचा अहवाल आला की मथळा ठरलेला: ‘मानवी चूक’. तो खोटा नसतो, पण वाचकाच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. चूक कोणत्या शब्दापाशी झाली आणि ती पकडायची पाळी कोणाची होती, हे अहवालात असते. बातमीत येता येता ते गळते.

१२ नोव्हेंबर १९९६ ची चरखी दादरीची टक्कर घ्या. सौदियाचे बोइंग ७४७ दिल्लीहून उडून वर चढत होते, कझाकस्तान एअरलाइन्सचे इल्युशिन-७६ शिमकेंटहून येऊन दिल्लीला उतरत होते. जाण्यायेण्याचा हवाई मार्ग एकच, म्हणजे दोघे समोरासमोर. सौदी विमानाला १४,००० फुटांपर्यंतच चढायची परवानगी होती आणि कझाक विमानाला १५,००० पर्यंतच उतरायची. मध्ये हजार फूट मोकळे. कझाक विमानाने ‘वन फाइव्ह झीरो’, म्हणजे १५,००० फूट, गाठल्याचे कळवले. नियंत्रकाने तीच उंची राखायला सांगितले आणि समोरून येणाऱ्या विमानाचे अंतर व उंची दिली: ‘वन फोर झीरो’, म्हणजे १४,०००. तरीही इल्युशिन १५,००० च्या खाली आले. दोन्ही विमानांतली सगळी, म्हणजे ३४९ माणसे गेली.

न्या. लाहोटी आयोगाने मूळ कारण हेच दिले: ठरवून दिलेली उंची सोडून कझाक विमान खाली उतरले. पण पुढचा तपशील जास्त बोलका आहे. त्या कॉकपिटमध्ये रेडिओवर वैमानिक बोलत नव्हते, वेगळा रेडिओ ऑपरेटर बोलत होता. त्याच्यापुढे स्वतःचे उंचीमापक नव्हते. पाहायचे तर वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावायचे. म्हणजे आकडा ऐकणारा एक आणि विमान हाकणारा दुसरा, त्यात सगळ्यांचेच इंग्रजी कच्चे. अशा वेळी दुसऱ्या विमानाची उंची म्हणून सांगितलेला आकडा आपल्यासाठीचा हुकूम वाटू शकतो. इकडे नियंत्रकाच्या रडारवर नुसते ठिपके होते. उंची दाखवणारे दुय्यम रडार तेव्हा दिल्लीत सुरू झाले नव्हते. विमान खरेच १५,००० वर आहे का, हे कळायला त्याच्याकडे समोरच्याच्या शब्दाखेरीज दुसरे साधन नव्हते. टक्कर टाळणारी एकॅस यंत्रणा भारतात सक्तीची झाली ती यानंतर.

शब्दावर भिस्त ठेवायची तर तो परत वदवून घ्यावा लागतो. त्याला रीडबॅक म्हणतात. उंची, दिशा, वेग, हवेचा दाब, ट्रान्सपॉन्डरचा (रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्राचा) क्रमांक, धावपट्टीवर येण्याची, ती ओलांडण्याची किंवा तिच्याअलीकडे थांबण्याची सूचना, यांपैकी कशालाही नुसते ‘रॉजर’ (ऐकले) हे उत्तर चालत नाही. आकडा उच्चारावाच लागतो. मात्र निम्मे काम तो रीडबॅक ऐकणाऱ्याचे असते आणि तेही चुकते. १९ फेब्रुवारी १९८९ ला क्वालालंपूरला फ्लाइंग टायगरच्या मालवाहू ७४७ ला २,४०० फुटांपर्यंत उतरायला सांगितले गेले, तेही सुटे आकडे उच्चारून: ‘डिसेंड टू फोर झीरो झीरो’. इंग्रजीत दोनचा ‘टू’ आणि ‘पर्यंत’चा ‘टू’ कानाला सारखाच. वैमानिकाने ‘ओके, फोर झीरो झीरो’ असे परत म्हटले, म्हणजे ४०० फूट. नियंत्रकाने टोकले नाही. विमान टेकडीवर आदळले आणि चौघेही गेले. तिथे ‘टू थाउजंड फोर हंड्रेड फीट’ असे म्हणायला हवे होते. ऐकायला कंटाळवाणे आहे, पण त्यातला ‘थाउजंड’ कुणाच्या कानातून निसटत नाही.

रीडबॅक म्हणजे रामबाण नव्हे. २३ मे २०२२ ला पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर हवेचा दाब होता १००१ हेक्टोपास्कल, नियंत्रकाच्या तोंडून गेला १०११. उंचीमापक या आकड्यावरच जुळवतात. स्टॉकहोमहून आलेल्या ए-३२० च्या वैमानिकांनी १०११ हाच आकडा चोख परत म्हटला. एका हेक्टोपास्कलला साधारण २८ फूट धरले, तर उंचीमापक २८० फूट जास्त दाखवणार. आणि ते ज्या पद्धतीने उतरत होते, तिच्यात उतार उंचीमापकाच्याच भरवशावर असतो. पावसात धावपट्टी दिसेना म्हणून त्यांनी विमान पुन्हा वर घेतले. तोवर ते जमिनीपासून सहा फुटांवर आले होते, धावपट्टीच्या अलीकडेच. यावर उपाय वैमानिकांच्याच हाती असतो: एटिसवर, म्हणजे विमानतळाच्या रेडिओ-सूचनेत, ऐकू येणाऱ्या ध्वनिमुद्रित हवामानातला दाब आधीच टिपून ठेवायचा आणि नियंत्रकाच्या आकड्याशी ताडून पाहायचा. दहाचा फरक दिसला की विचारायचे. त्यात कमीपणा कसला?

मंगळूरच्या विमान अपघाताची गोष्ट वेगळी. २२ मे २०१० ला तिथे ऐकण्यात काहीच चूक नव्हती. विमान उतरण्याच्या ठरलेल्या रेषेपेक्षा बरेच वर होते. सहवैमानिकाने तीनदा ‘गो अराउंड’ (उतरणे सोडून पुन्हा वर चला) म्हटले, यंत्रही बजावत होते, पण कॅप्टनने उतरण्याचा हेका सोडला नाही. सुमारे ८,००० फुटांच्या धावपट्टीवर चाके टेकली ती ५,२०० फूट ओलांडल्यावर. धावपट्टी टेकडीमाथ्यावरची, पुढे दरी. १५८ बळी गेले. अनेक कंपन्यांचा नियम आहे की दोघांपैकी कुणीही ‘गो अराउंड’ म्हटले की विमान वर घ्यायचे, वाद नंतर. नियम कागदावर असतो. शेजारी पंचवीस वर्षांचा मुलगा आणि दहा हजार तासांचा कॅप्टन बसले की तो पाळला जातो का, हे सिम्युलेटरच्या सरावात तपासायला हवे. तिथे अजूनही इंजिन बंद पाडून पाहण्यावरच भर असतो, असे आमचे मत.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. अंतिम अहवाल एएआयबीच्या (विमान अपघातांचा तपास करणाऱ्या सरकारी विभागाच्या) संकेतस्थळावर मिळतो आणि त्यातले संभाषण बरेचदा सेकंदासह असते. पुढच्या वेळी बातमीलगत एक छोटी चौकट द्यावी: नियंत्रक काय म्हणाला, विमानातून परत काय आले आणि त्या क्षणी उंचीमापकावर किती होते.

कळावे,
विमान वाहतूक क्षेत्रातील दोन वाचक, विलेपार्ले